समरकंद-बुखारा-खिवा : गाइड घेऊन फिरावं का, आणि बुखाऱ्याला किती दिवस द्यावेत?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. उझबेकिस्तानची सहल करून नुकतीच परत आलेय. मध्यंतरी दुसऱ्या एका धाग्यावर दोघा-तिघांनी विचारलं होतं की तिकडे आपलं आपण फिरता येतं का गाइड लागतोच, तिथे ते अवांतर झालं असतं म्हणून हा वेगळा धागा काढतेय. फोटो नंतर टाकेन.

आधी माझं मत सांगून टाकते. गाइड घ्याच, पण पूर्ण सहलीला एकच माणूस नको, प्रत्येक शहराला त्याच शहरात वाढलेला वेगळा गाइड घ्या. आणि बुखाऱ्यात निदान दोन मुक्काम करा. आपल्याकडून निघणाऱ्या बऱ्याचशा ग्रूप टूर्स ताश्कंदमध्येच रेंगाळतात, चिमगनचे डोंगर, चारवाकचा तलाव, शॉपिंग, संध्याकाळचा शो, मग समरकंदला बुलेट ट्रेनने जाऊन रात्री परत. बुखारा वेळ उरला तर. खिवा तर यादीतच नसतं. ज्यांना इतिहासाची, वास्तूंची ओढ आहे त्यांनी हे आयतं पॅकेज घेऊ नये, आपल्याला काय हवंय ते सांगून बनवून घ्यावं, फार फरक पडत नाही पैशात.

गाइड का, ते सांगते. समरकंदच्या रेगिस्तान चौकात तीन मदरसे समोरासमोर आहेत. डावीकडचा उलुगबेगचा, 1417 ते 1420 मधला. त्याच्या बरोब्बर समोरचा शेरदोर, तो 1619 ते 1636 मधला, म्हणजे मध्ये दोनशे वर्षं गेली. आणि मधला तिल्ला-कोरी, 1646 ला सुरू झालेला. नुसतं बघितलं तर तिन्ही एकाच वेळी एकाच माणसाने बांधल्यासारखे वाटतात. आमच्या गाइडने आत न नेता आधी समोरच्या पायऱ्यांवर बसवलं आणि म्हणाला, आता दोन्ही बाजूंच्या कमानी नीट बघा. उलुगबेगच्या कमानीवर फक्त तारे आहेत, कारण तो राजा असून खगोलशास्त्रज्ञ होता. शेरदोरवर पट्टे असलेले वाघासारखे सिंह हरणामागे धावतायत आणि त्यांच्या पाठीवर माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य उगवलाय. मदरशाच्या दारावर प्राणी आणि चेहरा! हे आपल्या डोळ्यांना दिसलं असतं पण त्यातलं नवल कळलं नसतं. मग तिल्ला-कोरीच्या मशिदीत नेलं. आत सोनेरी घुमट, एकदम खोल, मान दुखेपर्यंत बघत राहिलो सगळे. मग तो हळूच म्हणाला की हे छत सपाट आहे. नक्षीचा आकार मध्याकडे लहान लहान करत नेलाय म्हणून घुमट भासतो. परत वर बघितलं तरी घुमटच दिसत होता!

उलुगबेगची वेधशाळा तर आपल्या लोकांनी चुकवूच नये. तिमूरचा, म्हणजे आपण ज्याला तैमूरलंग म्हणतो त्याचा हा नातू. 1420 च्या दशकात त्याने टेकडीवर साधारण चाळीस मीटर त्रिज्येचं कोनमापक यंत्र बांधलं, आणि त्याच्या पंडितांनी 1018 ताऱ्यांची सारणी केली, 1437 ची. 1449 मध्ये स्वतःच्या मुलाने त्याला मारवलं, वेधशाळा उद्ध्वस्त झाली आणि मग कुठे होती तेसुद्धा लोक विसरले, 1908 मध्ये व्यात्किन नावाच्या रशियन संशोधकाने शोधून काढली. आज जमिनीखालचा भागच उरलाय, खडकात खोदलेला चर आणि त्यात वर चढत जाणाऱ्या संगमरवराच्या दोन समांतर पट्ट्या, त्यावर अंशांच्या खुणा. दारात उभं राहून खाली वाकून बघायचं. आपल्या सवाई जयसिंगाने जंतरमंतर बांधताना उलुगबेगचीच सारणी समोर ठेवली होती, त्यामुळे उज्जैन किंवा जयपूर बघितलेल्यांना तिथे एकदम ओळखीचं वाटतं.

बुखाऱ्याबद्दल वेगळं लिहिते, जेवण करून येते.

कोकणकडा

मस्त सुरुवात. वाचनखूण साठवलीये. पुढचं लवकर टाका.

अबोली

ताई, मी शुद्ध शाकाहारी आहे, अंडंपण नाही. तिकडे निभाव लागेल का? सासूबाईंना पण न्यायचंय, वय पंच्याहत्तर, गुडघे दुखतात. खरं खरं सांगा प्लीज.

गोदाकाठ

अबोली, निभतं पण आधीपासून सांगून ठेवायला लागतं. तिथला पलाव म्हणजे मांसाचाच, कधी कधी वर घोड्याच्या मांसाचे काप पण असतात, आणि मांस बाजूला काढून भात वाढला तरी शिजलेला त्यातच असतो. त्यामुळे "मांस नको" एवढंच सांगून भागत नाही, चरबी आणि रस्सा पण नको असं गाइडकडून उझबेकमध्ये सांगून घ्या. भोपळ्याचा सोमसा मिळतो, तंदूरमध्ये भाजलेला, पण तोही विचारूनच घ्यायचा कारण सारणात चरबी घालतात. टोमॅटो-कांद्याची अचिचुक नावाची कोशिंबीर सगळीकडे, दही, वांगी, खरबूज, जर्दाळू, बदाम, आणि नान. समरकंदची नान जाड, मधोमध शिक्का मारलेली, जड असते आणि दिवसेंदिवस टिकते. नान उलटी ठेवायची नाही, सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची, हे तिथे फार मानतात. आपल्या घरात अन्नाला पाय लागू देत नाहीत, तसंच समजा.

सासूबाईंचं म्हणाल तर रेगिस्तान, बुखाऱ्याचा जुना भाग, खिवा हे बऱ्यापैकी सपाट आहे, बॅटरीच्या गाड्या पण मिळतात. समरकंदच्या शाही-जिंदाला, म्हणजे जुन्या कबरींच्या गल्लीला, मात्र उंच जिना आहे. मदरशांमधले आतले जिने अरुंद आणि पायऱ्या उंच, ते सोडून द्यावेत. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर धरा, जुलैत पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा वयस्कर माणसाला नेऊ नका.

गोदाकाठ

आता बुखारा. गाव म्हणून मला सगळ्यात आवडलेलं हेच. समरकंदमध्ये वास्तू आहेत आणि मधून रुंद रस्ते, बसमधून उतरा-बघा-चढा असं होतं. बुखाऱ्यात जुन्या वस्तीतच राहायचं, बाहेर पडलं की चालत सगळं.

कल्याण मिनार 1127 चा, सेहेचाळीस-सत्तेचाळीस मीटर उंच, नुसत्या भाजलेल्या विटांचा. चंगीझखानाने 1220 मध्ये शहर जाळलं तरी हा राहिला. 1920 मध्ये लाल सैन्याने तोफा डागल्या तेव्हाही मार बसला पण उभा राहिला. खालून वर बघत गेलं की दर थोड्या अंतरावर नक्षीचा पट्टा बदलतो. पण माझा खरा जीव जडला तो इस्माइल सामानी या इथल्या जुन्या राजाच्या कबरीवर. साधारण इ.स. 900 च्या आसपासची. अगदी छोटी इमारत, दहा मीटरचा चौकोनी ठोकळा आणि वर घुमट, कुठेही निळी फरशी नाही, रंग नाही, फक्त वीट. पण वीट आडवी, उभी, तिरकी, कोपरा बाहेर काढून, गोल चकत्या करून अशी काही लावलीये की भिंत विणलेली वाटते. आमच्या गाइडबाई सकाळी घेऊन गेल्या आणि सूर्य कलल्यावर मुद्दाम परत घेऊन गेल्या. सकाळी जी भिंत सपाट दिसत होती तिच्यात दुपारनंतर प्रत्येक विटेची सावली पडून वेगळीच नक्षी उमटली. एका मुक्कामाच्या टूरमध्ये हे शक्यच नाही, म्हणून म्हणते दोन मुक्काम.

आणि एक गोष्ट ऐकून अंगावर काटा आला. बुखाऱ्यात पूर्वी शंभरावर हौद होते, दगडी पायऱ्यांचे, अख्खं गाव तेच पाणी प्यायचं. आज बहुतेक बुजवलेत, लाबी-हौजसारखे थोडे उरलेत. का बुजवले तर त्या पाण्यातून नारू व्हायचा! आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरींमुळे व्हायचा तोच नारू, पायातून दोरा बाहेर यायचा तो. माझ्या आजीने बघितलेला. तिथे सोव्हिएत काळात हौद कोरडे करून तो घालवला, आपला देश नारूमुक्त जाहीर झाला 2000 मध्ये. हौद गेले तसे बेडूक गेले आणि मिनारांवर घरटी करणारे करकोचेही गेले. आता बाजारात करकोच्याच्या आकाराच्या कात्र्या मिळतात, चोच म्हणजे पाती. बाई हे सांगताना लाबी-हौजच्या तुतीच्या झाडाखालीच उभ्या होत्या, मला पायऱ्यांकडे बघून पैठणकडच्या आमच्या गावची विहीर आठवत होती.

समरकंदहून बुखाऱ्याला रस्त्याने जात असाल तर वाटेत गिजदुवानला थांबा, तिथली कुंभारकाम करणारी घराणी प्रसिद्ध आहेत, पिवळ्या-तपकिरी-हिरव्या रंगाची भांडी.

मराठवाडी

गोदाकाठ ताई, गिजदुवान वाचलं आणि ताडकन उठून बसलो. मी औरंगाबादचा, आता संभाजीनगर. आमच्या पाणचक्कीत ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर मूळचे गिजदुवानचे! नक्शबंदी या सूफी पंथाचे. बुखाऱ्याकडून फिरत फिरत दख्खनेत आले आणि इथेच राहिले, औरंगजेबाच्या काळात. त्यांच्या तकियाजवळच, म्हणजे फकिरांच्या मठाजवळ, पुढे 1744 मध्ये पाणचक्की उभी राहिली, लांबून मातीच्या नळांतून खेळवत आणलेलं नहरीचं पाणी उंचावरून पाडून त्यावर जातं फिरवायचं आणि फकीर-वाटसरूंसाठी पीठ दळायचं. शाळेच्या सहलीत आम्ही सगळे तिथे माशांना फुटाणे टाकून आलोय पण हे बाबा कुठून आले ते कुणी सांगितलं नाही. इथल्या गाइडनी पण सांगायला पाहिजे खरं तर.

आणखी एक, पहिला निजाम, ज्याला बाजीरावांनी 1728 ला पालखेडला कोंडीत पकडलं, त्याचे आजोबा समरकंदकडचे. ख्वाजा आबिद, कुलीचखान म्हणायचे, 1687 ला गोवळकोंड्याच्या वेढ्यात गोळा लागून गेले. त्यामुळे मराठी माणसाने तिकडे जाताना बाबर आणि तिमूरच्या पुढचंही वाचून जावं, दख्खनेत आलेली तुराणी, म्हणजे मध्य आशियातली मंडळी ही त्याच गावांची.

गोदाकाठ

मराठवाडी दादा, काय सांगताय! गिजदुवानला आमची बस भांड्यांसाठी थांबली तेव्हा तिथल्या माणसाने ख्वाजा अब्दुलखालिक गिजदुवानींची कबर पण दाखवली, शेजारी उलुगबेगने बांधलेला छोटा मदरसा आहे. नक्शबंदी परंपरा ज्यांच्यापासून मोजतात त्यातले ते एक महत्त्वाचे. बहाउद्दीन नक्शबंद स्वतः बुखाऱ्याच्या बाहेर आहेत, 1389 ला गेले, तिथे तर केवढी गर्दी असते भाविकांची. पाणचक्कीचं आधी माहीत असतं तर त्या माणसाला सांगितलं असतं, त्याला किती आनंद झाला असता. पुढे जाणाऱ्यांनी नक्की सांगा.

शून्य_प्रहर

सगळं छान आहे पण एक विचारतो, राग मानू नका. ज्या तिमूरने 1398 मध्ये दिल्ली लुटली, लढाईआधी लाखभर कैदी कापले असं त्याच्याच बाजूच्या बखरीत लिहिलंय, त्याचे पुतळे आणि कबर बघायला आपण पैसे खर्चून जायचं? तिथला गाइड त्याचं कौतुक करणार आणि आपण माना डोलवायच्या? मला तरी जमणार नाही.

गोदाकाठ

राग कशाला, हा प्रश्न आमच्या ग्रूपमध्ये पण निघाला आणि मला तो रास्त वाटतो. 1991 ला देश स्वतंत्र झाल्यावर त्यांनी तिमूरला राष्ट्रपुरुष केलं, ताश्कंदच्या चौकात पूर्वी कार्ल मार्क्स होता तिथे आता घोड्यावर तिमूर आहे. गाइड त्याला अमीर तिमूरच म्हणतात, आदराने.

समरकंदच्या बीबी खानम मशिदीत आमच्यातल्या एका काकांनी स्पष्ट विचारलं की दिल्लीचं काय. गाइड तरुण होता, त्याने उत्तर टाळलं नाही. म्हणाला ही मशीद 1399 ला सुरू झाली ती दिल्लीहून आल्या आल्या, दगड ओढायला हत्ती तुमच्याकडून आणलेले, पाथरवटही तुमच्याकडून धरून आणलेले. आम्हाला शाळेत बांधलेलं शिकवतात, तुम्हाला मोडलेलं शिकवतात. काका म्हणाले बरोबर आहे, आणि मग दोघं बराच वेळ बोलत राहिले. मला वाटतं तिथे जाऊन, त्या अंगणात उभं राहून हा प्रश्न विचारण्यात जास्त अर्थ आहे. त्या भिंतींत आपल्या पाथरवटांचे हात आहेत, त्यांची नावं कुठे नाहीत, निदान आपण तरी जाऊन त्यांची आठवण काढावी. गूर-ए-अमीर या तिमूरच्या कबरीच्या वास्तूत त्याची गडद हिरवी शिळा आहे, मी तिथे हात जोडले नाहीत, घुमटाची आतली नक्षी मात्र डोळे भरून बघितली. कारागिरांचं श्रेय राजाला का द्यायचं?

शून्य_प्रहर

पाथरवटांचा मुद्दा पटला. तिमूरचा नाही, पण पाथरवटांचा पटला.

दुबईकर

मी बायको-मुलांबरोबर विनागाइड फिरलोय, त्यामुळे दुसरी बाजू. अफ्रासियाब ही बुलेट ट्रेन उत्तम, ताश्कंद ते समरकंद सव्वादोन तासांच्या आसपास, पण तिकिटं लवकर संपतात, विक्री उघडली की लगेच काढा. भारतीय पासपोर्टला ई-व्हिसा आहे, घरबसल्या होतो. सुरक्षित वाटलं, रात्री दहाला पण बायका-मुलं बागेत. भाषेची अडचण येते, इंग्रजी कमी, पण "हिंदुस्तान" म्हटलं की राज कपूर आणि मिथुन सुरू होतात, भाजीवाल्या आजींनी आम्हाला हिंदी गाणं म्हणून दाखवलं.

एक प्रश्न आहे. एवढं चकचकीत बघून मला शंका आली की जुनं किती आणि नवीन किती? गाइड यावर बोलतात का?

गोदाकाठ

चांगला गाइड बोलतो, आणि हीच माझ्या मते गाइड पारखायची खूण. बीबी खानमचा बराच भाग पडलेला होता, 1897 च्या भूकंपात कमान कोसळली, आज दिसतं ते बरंचसं सोव्हिएत काळात आणि नंतर उभारलेलं. रेगिस्तानवर पण विसाव्या शतकात खूप काम झालंय, कललेले मिनार सरळ केलेत. आमच्या गाइडकडे टॅबवर शंभर वर्षांपूर्वीचे फोटो होते, प्रत्येक ठिकाणी उभं करून फोटो आणि इमारत शेजारी शेजारी दाखवायचा. शहरीसब्ज, तिमूरचं जन्मगाव, तिथे तर मधली जुनी वस्ती पाडून बाग केली म्हणून युनेस्कोने 2016 ला धोक्यातल्या यादीत टाकलं. हे तो स्वतःहून बोलला आणि बोलताना त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं.

तुम्ही विनागाइड गेलात तर शाही-जिंदाला गर्दी नसताना गेलात का? आम्ही त्या निळ्या गल्लीत शिरलो, दोन्ही बाजूंना कबरींच्या इमारती, चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या, हात लांब केला तर फरशीवरची कोरीव पानं बोटाला लागतात. गाइडचं बोलणं रंगात आलेलं. तेवढ्यात पुढच्या दारापाशी गावाकडून आलेल्या बायका बाकावर बसल्या आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुआ म्हणायला सुरुवात केली. गाइड वाक्य अर्धवट टाकून गप्प झाला, तळवे उघडून उभा राहिला. संपल्यावर सगळ्यांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, मग एका आजींनी पिशवीतून नानचा तुकडा काढून आमच्यातल्या सगळ्यांना दिला. डोक्यावर ओढणी, खांदे झाकलेले, एवढं आपण पाळलं की कुणी परकं समजत नाही.

चंद्रभागा

ताश्कंदमध्ये शास्त्रीजींचं स्मारक बघितलंत का? माझे वडील त्या दिवसाबद्दल नेहमी सांगायचे, रेडिओवर बातमी आली आणि गावात चुली पेटल्या नाहीत म्हणून.

गोदाकाठ

हो काका, तिथे गेलोच. शास्त्रीजींचा अर्धपुतळा आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि त्यांच्या नावाची शाळा आहे जिथे मुलं हिंदी शिकतात. 10 जानेवारी 1966 ला करार आणि त्याच रात्री, म्हणजे 11 ला ते गेले. आपले यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून सोबत होते तेव्हा. आमच्या इटिनररीत हे नव्हतं, आम्ही सगळ्यांनी आग्रह धरला म्हणून बस वळवली. फुलं आधी घेऊन ठेवा, जवळ दुकान दिसलं नाही. तिथून मेट्रोने जा, 1977 ची आहे, एकेक स्टेशन बघण्यासारखं, अंतराळवीरांचं तर नक्की. 2018 पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, आता चालतं.

कोकणकडा

खिवा राहिलं की!

गोदाकाठ

खिवा लांब आहे आणि तेच त्याचं बरं झालं. बुखाऱ्याहून किझिलकुम वाळवंटातून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने अख्खा दिवस जातो. तटबंदीच्या आतलं इचान-काला छोटं, आत राहायला मिळतं, मातीचा तट आणि मधोमध निळाशार बुटका कल्ता मिनार, खान 1855 मध्ये मारला गेला म्हणून अर्धवट राहिलेला. जुम्मा मशिदीत दोनशेच्या वर लाकडी खांब, प्रत्येकाची नक्षी वेगळी, काही खांब हजार वर्षांपूर्वीचे, आत अंधार आणि वरच्या झरोक्यातून थोडा उजेड. तटाबाहेर अल-ख्वारिज्मीचा पुतळा आहे, आपली अंकपद्धती अरबी जगाला ज्याने समजावली तो. अल-बिरुनी पण याच ख्वारिज्मचा, म्हणजे खिव्याच्या परिसरातला, 973 चा जन्म, संस्कृत शिकून हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. दोघांची नावं गाइडने घेतली तेव्हा आमच्यातल्या निवृत्त गणिताच्या बाईंनी भर उन्हात त्याला दशमान पद्धतीवर प्रश्न विचारले, आणि त्यानेही तितक्याच आवडीने उत्तरं दिली.

अबोली

ताई सगळं वाचून आता जायचंच ठरलं. फक्त एक, सासूबाईंना हिंदी आणि मराठीच येतं. हिंदी बोलणारा गाइड मिळेल का तिकडे? आणि खिव्याचा एवढा प्रवास त्यांना झेपेल?

गोदाकाठ

मिळतो, ताश्कंदमध्ये विद्यापीठात हिंदी शिकलेले गाइड आहेत, पण कमी आहेत आणि सीझनला बुक होतात, दोन-तीन महिने आधी लिहा. समरकंद-बुखाऱ्यात स्थानिक गाइड इंग्रजी बोलणारा आणि शेजारी भाषांतराला तुमच्यातलं कुणीतरी, असं पण चालतं, सासूबाईंच्या जवळ बसून त्यांना सांगायचं. खिव्याला रस्त्याने नेऊ नका. आधी ताश्कंदहून उरगेंचला विमानाने जा, दीडेक तास लागतो, खिवा तिथून तीसेक किलोमीटर. तुमच्या बाकीच्यांना वाळवंट बघायचं असेल तर तुम्ही खिवा ते बुखारा ट्रेनने या, आडवं पडून येता येतं, बर्थ आपल्यासारखेच असतात. तारखा ठरल्या की व्यक्तिगत निरोप करा, बुखाऱ्याच्या त्या गाइडबाईंना विचारून सांगते मोकळ्या आहेत का.